अंगठा कपाळाला

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, बर्फाच्या कारखान्यामागे
बंद पडलेलं कॉलेज आहे, तिथे सीईटीचं सेंटर असतं.
एप्रिल-मेचे वीस दिवस मी त्याच्या दारावर.
एजन्सी दिवसाला चारशे देते, वडापाव वेगळा.
काम : मुलींची झडती.

कानातलं काढ. क्लिप काढ. पैंजण? तेही.
ताईत आईकडे दे.
आई आलेलीच नसते, म्हणून मी घरून स्टीलचा डबा आणते.
नऊ वाजेपर्यंत तो असा भरतो
जणू एखादं अख्खं वऱ्हाड कुणी उतरवून ठेवलंय.

नफीसा होडेकर साखरतरहून पहिल्या एसटीने आली.
मशीनवर अंगठा ठेवला. लाल.
ओढणीला पुसून ठेवला. लाल.
डावा. लाल.
मशीनवरचा पोरगा पुण्याचा, मान वर न करता म्हणाला,
"फिंगर येत नाही हिची. बाजूला उभी करा."

मी तिचा हात हातात घेतला.
पेरांवर रेघ म्हणून नाही. ओहोटीच्या वाळूसारखं गुळगुळीत म्हणावं,
तर वाळूवर निदान खेकड्याची नक्षी असते.
कोळंबी?
"दहावीपासून," ती म्हणाली. "सुट्टीतच फक्त."
जशी काही मी तिला रागावणार होते.
सुट्टीतच फक्त. बर्फाच्या पाण्यात, किलोमागे मोजून.
माझे अंगठे मी मुठीत घेतले.
रेशनच्या मशीनला विचारा, मी कुणीच नाही.

म्हटलं, "गो बाय, अंगठा कपाळाला घास.
तिथे तेल असतं."
पोरगा हसला. ती नाही.
तिने डोळे मिटून घासला,
कपाळावर जे काय लिहिलंय, नाही लिहिलंय,
त्यातलं चिमूटभर उचलून आणावं तसा
काचेवर टेकवला.

हिरवा.

बाहेर काजूखाली आईबाप.
पावसचे एक बागायतदार सगळ्यांना पर्सेंटाइल समजावत होते :
"मार्क नाय ओ ते. आपल्या खाली पोरं किती, ते.
फळ बारीक असलं तरी चालतं,
बाकीची त्याहून बारीक हवीत."
कुणीतरी विचारलं, कालच्या बॅचला सोपा आला म्हणतात, त्याचं काय?
"ते कॉम्प्युटर सारखं करतो."
सारखं करतो, यावर सगळे जरा गप्प झाले.
मग कुणीतरी हापूसचा भाव काढला.

मलाही एकदा एक्केचाळीस आले होते.
एक्केचाळीस, आणि टिंबापुढे सात आकडे.
इतक्या बारकाईने मला आजवर कुणी मोजलेलं नाही,
आईने नाही, लग्नाला बघायला आलेल्यांनी नाही.
मी दिली म्हणून तर कुणाचं तरी नव्व्याण्णव झालं,
साताऱ्यात असेल, ठाण्यात असेल,
माझ्या पाठीवर उभा असलेला.
वजन लागत नाही, खोटं कशाला बोला.
आणि गंमत सांगू? याच कॉलेजात तेव्हाही जागा रिकाम्या होत्या.
एक्केचाळीसला मिळाली असती.
फी नव्हती.

साडेबाराला ती बाहेर आली.
डब्यातून तिच्या रिंगा शोधून दिल्या, खोट्या, एकीचा फासा मोडलेला.
कसा गेला विचारायचं नसतं, नियम आहे.
तीच म्हणाली, "फिजिक्स राहिलं थोडं."
आणि मग, जाता जाता :
"कॉलेजला पण रोज अंगठा लावतात काय ओ?"
मी म्हटलं, लावतात.
तिने हाताकडे बघितलं आणि स्टॉपकडे चालू लागली.
पर्सिननेट अजून बंद व्हायची होती,
संध्याकाळपर्यंत माल येणार होता.

दुपारच्या बॅचला मोटारीतून एक आली,
बहिणीच्या लग्नाची मेंदी कोपरापर्यंत.
लाल. लाल.
मी खुर्चीतून उठते आहे तोवर
पुण्याचा पोरगा, मान वर न करता,
"कपाळाला घास."