दुसरा दोर

अल्माटीत मार्च येतो तो काचांवर कोळसा घेऊन.
हिवाळाभर धुराड्यांनी ओकलेलं काळं
एकोणीस मजले चढून बसलेलं असतं.
त्याला ना दोर लागतो, ना हेल्मेट.

आम्हाला लागतं.
गच्चीवर गुडघे टेकून राइखान गाठी वाचते.
हो, वाचतेच. बोटांनी, मोठ्यानं:
"आठाची गाठ. शेपूट वीतभर. कडी बंद.
पुन्हा बघ. बंद."
मी तिच्या वाचतो, ती माझ्या.
रोज काय तेच तेच, म्हणालो एकदा,
तर तिनं बूट काढून उजवा पाय पुढे केला.
तीन बोटं.
उरलेली दोन वर डोंगरात राहिली,
असाच कंटाळा आला होता त्या दिवशी.

दोर दोन, दोन वेगळ्या जागी बांधलेले.
एकावर माझी फळी, फळीवर मी, पाय सोडून.
दुसरा नुसता शेजारून खाली येतो,
वऱ्हाडातल्या अबोल मामासारखा.
कठड्याच्या धारेवर दोघांच्याही खाली
फायर ब्रिगेडच्या जुन्या पाइपाचा तुकडा,
सिमेंटनं त्यांना चावू नये म्हणून.
बादली बांधलेली, ब्रश बांधलेला,
फडकंसुद्धा बांधलेलं.
आणि पार खाली, लाल पट्टीपाशी येर्मेक,
"इकडून नको, पलीकडून जा" म्हणत
दिवसभर लोकांच्या शिव्या खाणारा.

सतराव्यावर कुणी राहत नाही,
गालिच्याचं भेंडोळं भिंतीला टेकून उभं.
सोळाव्यावर काचेला नाक लावलेलं मूल.
त्याच्या नाकावरून साबण फिरवला.
ते हसलं, आवाज आला नाही.

चौदाव्यावरच्या म्हातारीनं खिडकी उघडली.
आपल्या घराची खिडकी, उघडली सरळ.
एका हातात बाउर्साकची बशी, गरम,
काखेत वर्तमानपत्राचा बोळा,
"तो कोपरा तुला नाही दिसायचा, मीच पुसते,"
आणि गुडघा चौकटीवर.

आईसुद्धा अशीच चढायची.
नौरीझच्या आदल्या आठवड्यात, पाचव्या मजल्यावर,
डाव्या हातात चौकट, उजव्यात व्हिनेगरचं फडकं,
आणि आत मी, सहा वर्षांचा,
तिचा झगा दोन्ही मुठींत गच्च धरून.
तिला दुसरा दोर तेवढाच होता.

"आपा! गुडघा आत!"
आवाज माझाच, पण राइखानचा वाटला.
म्हातारी दुखावली. बशी ठेवली, खिडकी लावली,
आणि आतून बोटानं तो कोपरा दाखवला.
मी बाहेरून घासला. तिनं आतून.
समोरासमोर, एकाच डागावर, किती वेळ.
डाग जागचा हलेना.
मग कळलं, तो दोन काचांच्या मधला आहे.
बाहेरचा नाही, आतलाही नाही.
मी तळव्यावर तळवा ठेवून मधली फट दाखवली.
तिनं खांदे उडवले, जणू म्हणत होती
असं घरात बरंच काही आहे.

वॉकीटॉकी खरखरली: "वारा नऊ. उतर."
तेरावा राहिलाय, मी म्हणालो.
"उतर."
काचा न पुसता त्यांच्यासमोरून उतरलो,
तेरावा, बारावा, अकरावा,
प्रत्येकीत मीच, मळकट, मान खाली घातलेला.

खाली मॅनेजर मोबाइल नाचवत उभा.
वरच्या काचांत अख्खा हिमाचा डोंगर,
खालच्यांत नुसतीच संध्याकाळ.
"अर्धीच इमारत? पैसे पूर्ण हवेत ना?"
राइखान दोर गुंडाळत होती, वीतवीत चाचपत.
"उद्या," म्हणाली. तेवढंच.

आम्ही गाडीत सामान भरत होतो
तेव्हा लिफ्टचं दार उघडलं.
सपाता, स्वयंपाकाचा पट्टा, हातात बशी.
म्हातारी लाल पट्टीपाशी येऊन थांबली
आणि माझ्याकडे बघत म्हणाली,
"आता तरी गुडघे जमिनीवर आहेत ना माझे?"

बाउर्साक गार झाले होते.
येर्मेकनं चार खाल्ले.