कोण गावची

मे महिन्यात मेण पात्यावर टिकत नाही.
नखाते ब्लॉक बर्फावर पालथा ठेवतात,
मानेवर स्वतःच्या ओला दुपट्टा,
मग चाक फिरवतात. तीन मायक्रॉन.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ होते पंचफुला उईके,
वय सेहेचाळीस, मुक्काम धानोरा,
यकृताचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा.

चेहरा लाल व्हायचा तिचा, दोन वर्षं.
उन्हानं, सासू म्हणाली. वयानं, डॉक्टर म्हणाला.
नागपुरात कोणाचा होत नाही?

काचेवर गोल, एकसारख्या पेशी,
शाळेच्या गणवेशातल्या, घोळके करून बसलेल्या.
यकृताच्या नव्हेत, एवढंच कळतं.
इथे माणूस तोंड उघडतो आणि समजतं
भंडाऱ्याचा की यवतमाळचा.
पेशीला तोंड नाही.
म्हणून सशाच्या रक्तात घडलेली अँटीबॉडी
दारोदार पाठवायची, विचारायला:
कोण गावची गं तू?

काल कोणीच बोललं नाही.
कंट्रोलसुद्धा गप्प.
"लाइन गेली होती जी मॅडम,
कुकरनं वाफच नाही धरली."

कंट्रोल म्हणजे कुणाचं तरी अपेंडिक्स,
नाव पुसट, नंबर शाबूत.
तो कुठे पानठेला चालवत असेल, नसेल.
त्याच्या नसांची जाळी आधी तपकिरी व्हायला हवी,
तरच पंचफुलाचं खरं मानायचं.
दर साक्षीला त्याचा ब्लॉक थोडा झिजतो.

आज झाली.
सिनॅप्टोफायसिन: तपकिरी, दाणेदार, काठोकाठ.
क्रोमोग्रॅनिन: तेच.
सीडीएक्स-टू गावाकडे बोट दाखवतं:
बहुधा लहान आतडं.
आतड्यातली लेक, बोली नसांची,
यकृतात येऊन बिऱ्हाड थाटलेली.
ऊन आतूनच येत होतं.

मग केआय-सिक्स्टीसेव्हन. पाचशे पेशी मोजल्या,
पंगतीतली पानं मोजतात तशा.
अकरा तपकिरी.
पुन्हा मोजल्या. अकरा.

"म्हणजे हळू चालणारी हाय ना जी?"
हो म्हणाले.
कुठवर पोचलीय ते नखाते विचारत नाहीत,
ब्लॉक त्यांनीच कापलाय.

बाहेर बाकावर तिचा मुलगा,
आधार कार्डाची झेरॉक्स पंख्यासारखी हलवत.
निघालं का जी काही?
गाव सापडलं, म्हणावंसं वाटतं.
म्हणते, बस. पाणी पी आधी.