जानोरी, शेड नंबर तीन

तर कळवायचं ते एवढंच:
पाचपैकी चार झाल्या.
गाणी म्हणत नाही, कारण गात कुणीच नाही.
रावसाहेब मोगल अजून विचारतात,
चाल बरी आहे, शब्द कधी भरणार?
आम्ही दरवेळी म्हणतो, भरू.

रेकॉर्डिंग त्यांच्याच कोल्ड स्टोरेजला.
द्राक्षं एप्रिलातच बोटीनं गेली,
आम्ही न पाहिलेल्या पाण्यावरून.
मागे राहिली पत्र्याची रिकामी खोली
आणि क्रेटांना चिकटलेला आंबूस वास.
आत टाळी वाजवली
तर परत यायला वेळ लावते,
दारात चप्पल शोधत बसल्यासारखी.

उबेद अंबडला स्प्रिंगा वळतो.
महिन्याकाठी दोन-चार अशा निघतात
की चेकिंगवाले बाजूला टाकतात.
शेरा: थरथर जास्त.
त्याच त्यानं साठवल्या,
फरसाणाच्या लांबट डब्यात ताणून बांधल्या,
दोन्ही टोकांना डागून वायरी काढल्या.
गिटार एका बाजूनं कोरडी आत गेली
आणि दुसरीकडून
ओली होऊन आली.
आमची सगळी विद्या ती एवढी.

उबेद कोकणी. घर कोकणीपुऱ्यात.
आडनावात समुद्र आहे,
घरात सहा पिढ्या कुणी पाहिलेला नाही.
पोहायला शिकला गंगापूरच्या बॅकवॉटरला.
तिथं लाट येते
ती कुणी म्हैस उतरवली तर.

वृंदा गांगुर्डेचा हात ढोलाचा.
तिला सांगावं लागतं, जरा हळू, ही मिरवणूक नाही.
ती म्हणते, मग लाटा काय
रेशनच्या रांगेत येतात?
यावर बेस वाजवणाऱ्यानं, म्हणजे मी,
गप्प बसायचं असतं.
बेस म्हणजे तेच.

तिसरीच्या वेळी दुसऱ्या मिनिटाला
ओझरचं विमान डोक्यावरून गेलं.
पत्रे थडथडले. आम्ही हात उचलले,
वृंदानं नाही.
नंतर ऐकलं तर विमान बेसूर होतं,
म्हणजे आमच्या मानानं.
मग तारा त्याच्याकडे सरकवल्या
आणि पुढच्या खेपेची वाट पाहत बसलो, दोन दिवस.
ती आता आहे. नाव ‘ओझर’.
बाकीच्यांची नावं: ‘थॉमसन’, ‘म्हैस’, ‘शेरा’.

पाचवीचं सांगायचं टाळत होतो.

ती हर्षल निकुंभची.
मधली झिगझिग त्याची होती,
कुणाच्या लक्षात न येणारी,
सायकलच्या चेनीसारखी.
बँकेनं त्याला रत्नागिरीला टाकलं.
तिथून त्यानं समुद्र पाठवला,
चार मिनिटं, फोनवर धरलेला:
घ्या, खरा आहे, कुठंही लावा.

लावला. सुरुवातीला, मग शेवटाला,
मग सगळ्याच्या खाली, अगदी बारीक.
कुठंही लावला तरी
कुणीतरी भजी तळतंय असं वाटायचं.
उबेदनं हेडफोन काढले, म्हणाला,
हा समुद्र आपल्यात बसत नाही.
खऱ्याला आम्ही नापास केलं.
शेरा लिहिला नाही.

त्या रात्री मशीन बंद करून बसलो होतो,
पाइपावरचा बर्फ सुटत होता.
एक थेंब क्रेटवर, एक फरशीवर,
मधे बराच वेळ काही नाही.
वृंदानं माईक सरकवला,
कुणाला न विचारता.

तेवढंच झालं आहे पाचवीचं.
झिगझिगीची जागा मोकळी ठेवली आहे.
ती भरायची की तशीच द्यायची,
ठरलं की कळवतो.
माल यायच्या आत शेड सोडायचं आहे,
जानेवारीत इथं पुन्हा द्राक्षं झोपतील.

काल हर्षलला फोन लावून
डब्यासमोर धरला.
थेंब, मग उबेद,
मग ती मोकळी जागा.
तिकडून नुसतीच खळखळ येत होती.
किनाऱ्यावर असावा.
मग त्याचा आवाज आला, ओरडून:
थांबा रे, इथं काही ऐकू येत नाही,
मी जरा आत जातो.