बत्तीस की चौसष्ट

लॅमिंग्टन रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे अर्धा जिना केबलच्या रिळांनी अडवलेला,
मुर्तझाभाईने काचेवर चार पाकिटं मांडली
साड्या दाखवाव्यात तशी.
"ही होम, ही प्रो. ही स्टुडंटवाली, तुम्हाला नाय चालणार.
आणि ही सगळ्यात वरची. सब कुछ आहे हिच्यात."

सब कुछ म्हणजे काय, मी विचारलं.
डिस्कला कुलूप लावता येतं, म्हणाला,
घरी बसून ऑफिसचं मशीन चालवता येतं.
माझ्या घराच्या आणि ऑफिसच्या मध्ये
एक पडदा आहे. फुलाफुलांचा.

मी पत्रिका छापते. फणसवाडीत.
लग्न, मुंज, वास्तुशांत,
तेराव्याची कार्डं, तीही रात्री अकराला.
"मग होम बस झाली.
बत्तीस बिट की चौसष्ट?"
घाऊक की किरकोळ विचारावं, तितक्या सहज.

तेव्हा मी पर्समधून डोंगल काढला.
पंचवीस पिना, त्यातली एक वाकडी.
याच्याशिवाय आमचं मराठी उघडत नाही.
ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलं
तो दादरचा गृहस्थ आता फोन उचलत नाही.

मुर्तझाभाईने डोंगल उजेडात धरला,
फुंकर मारली, उगाचच.
"चौसष्टवर हा मरेल, मॅडम.
जमाना युनिकोडचा आहे. सगळं परत टाइप करून घ्या."

सगळं म्हणजे एकोणीस वर्षं.
सगळं म्हणजे आचरेकरांच्या दोन बोटांनी बडवलेलं,
फाइलीच्या नावाला इंग्रजीतली आठच अक्षरं,
म्हणून गोवंडीकरांच्या मुलीचं लग्न
'गोवंडिक'पाशी थांबलेलं.
आचरेकर मालवणला गेले,
मग तिथून पुढे.

भाच्याच्या लॅपटॉपवर एकदा उघडून पाहिली होती ती पत्रिका.
'चि. सौ. कां.'च्या जागी तीन चौकोन,
मुहूर्ताच्या जागी प्रश्नचिन्ह,
आणि वरपक्षाच्या नावाआधी डॉलर,
जणू मुलगा अमेरिकेचा.
(तो अंबरनाथचा होता.)

"बत्तीसच द्या," मी म्हटलं.
"रॅम चार टाकली ना तुम्ही? सव्वातीनच दिसेल हिला.
बाकीची आत असेल, पण दिसणार नाय."
चालेल, मी म्हटलं.
तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला,
मग खालच्या कप्प्यातून
जुन्या पोर्टचं एक कार्ड काढलं, साडेचारशेला,
आणि वाकडी पिन
नखाने सरळ करून दिली. फुकट.

रात्री मशीन भरायला घातलं.
पट्टी सरकत होती. मी डिंक ढवळत होते.
शेवटी त्यानं विचारलं, हा संगणक कुठे आहे?
घर, कार्यालय, की सार्वजनिक जागा?
मी पडद्याकडे पाहिलं.
'घर' म्हटलं, तर प्रिंटर सापडेना.
मागे गेले, 'कार्यालय' म्हटलं. सापडला.

आणि पहिली फाइल उघडली ती लग्नाची नाही.
कुणा प्राध्यापकांच्या सत्काराची,
'मराठी वाङ्मय मंडळ' अशी सुरुवात.
सॉफ्टवेअरमध्ये 'ङ्म' नव्हताच.
ङ एका चौकटीतून, म दुसऱ्या चौकटीतून आणून
आचरेकरांनी दुपारभर एकमेकांत सरकवले होते,
डबा न खाता,
आणि मी त्यांना ओरडले होते
की कोण बघतंय एवढं.

दोनशे टक्के मोठं करून पाहिलं.
सांधा किंचित दिसतो.
तेव्हाही दिसत होता.