ओहोटीचं वेळापत्रक

तीन मिनिटं.
हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल,
आणि लालनंतर माझ्या बोटाखालची घंटी.
बावीस वर्षं समितीच्या खोलीत मी एवढंच करते:
नाव पुकारते, दिवा लावते,
लोकांची वाक्यं मध्यावर तोडते.
खिडकीखाली केनेबेक गोठलेली असते.
ऑगस्टात विधेयकं थंडीत जन्मतात
आणि पुष्कळशी थंडीतच जातात.

तेलकंपनीचे वकील माझ्या नातवाचं नाव विचारतात.
त्यांचं भाषण दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत संपतं,
दर वर्षी.
पिवळ्या दिव्याकडे बघून ते हसतात,
ओळखीच्या वेटरकडे बघून हसावं तसे.

त्या दिवशी सदतिसावं नाव: व्हर्ना ॲली, जोन्सपोर्ट.
तीन तास गाडी चालवून आलेली.
पायांत तेच मांडीपर्यंतचे रबरी बूट,
चिखल वाळून फिकट पडलेला.
कागद नव्हता. आइस्क्रीमच्या डब्यात
तिसऱ्यांची कवचं होती, कडेनं कुरतडलेली.

"हे हिरवे खेकडे पूर्वी कडक थंडीत मरायचे.
आता मरत नाहीत.
धुराचं, अंशांचं माझ्या आधीचे साहेब बोलले,
खरंच बोलले असतील.
मला चिखलातलं कळतं.
वडील जिथून टोपली भरून उठायचे
तिथे मी टोपलीचा तळ बघते.
झालं माझं."

हिरवा अजून तसाच होता.
अध्यक्षबाई म्हणाल्या, तुमच्याकडे वेळ आहे अजून.
"माझ्याकडे नाही," ती म्हणाली,
"तिकडे आत्ता ओहोटी लागलीय.
ती सोडून मी इथे बसलेय."

पण उठली नाही.
उरलेली मिनिटं बसून राहिली, डबा मांडीवर.
कुणाचा तरी फोन टेबलावर थरथरला.
पिवळा.
एका आमदारानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
लाल.
मी घंटी वाजवली,
गप्प बसलेल्या बाईला थांबवायला.
नियम आहे.

विधेयक पडलं नाही, बरं का.
पडलं असतं तर निदान रडता आलं असतं.
पुढच्या अधिवेशनावर ढकललं.
भिजत घोंगडं.
शिक्का मीच मारला, जरा तिरका बसला.
संध्याकाळी खुर्चीखालचा चिखल झाडायला एमरी आला,
त्याला म्हटलं, राहू दे आजच्या दिवस.
त्यानं ऐकलं नाही.
बरोबरच होतं त्याचं.

माझं मत कुणी विचारत नाही,
विचारूही नये, मला पगार गप्प राहण्याचा मिळतो.
फक्त सुनावणीची तारीख मी सुचवते.
खोली मोकळी आहे का, माइक चालतो का,
त्यावरून ती ठरते
असा सगळ्यांचा समज आहे.

यंदा माझ्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांखाली,
जाळी-दोरखंडांच्या दुकानातलं एक पंचांग आहे.
त्यात तिथी नाहीत, पाण्याच्या वेळा आहेत.
मुहूर्त काढावा तसा मी त्यातून
जानेवारीतला एक गुरुवार काढला:
दोन्ही ओहोट्या अंधारात,
आणि भर उजेडात
चिखलावर माणूसभर पाणी.
त्या दिवशी खणायला कुणालाच जाता येणार नाही.

"अकरालाच का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.
"माइक," मी म्हटलं, "तेव्हाच मोकळा असतो."

आज गुरुवार.
नावं लिहायला दुसरा कागद जोडावा लागला,
आत्ता तिसरा.
जोन्सपोर्ट, मकायस, लुबेक,
एक गाव तर मला नकाशावर शोधावं लागलं.
बाहेर जिन्यावर रबरी बूट वाजताहेत
आणि एमरी दारात बादली घेऊन उभा आहे,
माझ्याकडे बघतोय.

मी दिवा पुसून ठेवलाय.
तीन मिनिटं.
प्रत्येकाला तीनच.