डावरा

साखळीला कदंबमधून उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.
बापाने पिशवी माझ्याकडे दिली नाही.
पिशवीत पाण्याची बाटली, दम्याचा पंप, दोन उंडे,
आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड.

हरवळ्याच्या वाटेवर काजू मोहोरलेले.
लांबून धबधब्याचा आवाज,
उन्हाने बारीक झालेला,
शेजारच्या घरात कुणी तांदूळ पाखडतंय असा.

मग जांभ्या कड्यात उघडलेली दारं.
आत खोल्या, खोल्यांत लिंगं.
एकावर ताजी जास्वंद होती,
दुसऱ्यावर एक मुंगी, एकटीच, वर चाललेली.

राखणदार माजीक म्हणाला, पांडवांनी कोरलं. एका रात्रीत.
बाप हसला.
चाळीस वर्षं चिरेखाणीत काढलेला माणूस
‘एका रात्रीत’ ऐकून जसा हसेल तसा.
“कोरलं असेल. पण माती कुणी उपसली?
द्रौपदीने?”
माजीक जरा थांबला.
हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी हात जोडले. बापाने नाही.
लहानपणी एका जत्रेत त्याने प्रसादाला चुकीचा हात पुढे केला होता
आणि भटाने लाह्या परत परातीत टाकल्या होत्या.
हे त्याने मला कधी सांगितलं नाही. आतेने सांगितलं.
तेव्हापासून तो देवळाबाहेर चपला राखत बसतो.

इथे मात्र तो आत आला.
भिंतीवर हात ठेवला,
व्यायला टेकलेल्या म्हशीच्या कुशीवर ठेवतात तसा,
आणि काही न बोलता पुढे पुढे सरकवत नेला.
घाव उजवीकडून डावीकडे उतरत गेलेले,
सगळे तसेच, पावसाच्या तिरक्या सरीसारखे.
मागच्या कोपऱ्यात हात थबकला.
तिथे सर उलटी होती.

“डावरो,” तो म्हणाला.
गावातल्याच कुणाचं नाव घ्यावं तसं.

“त्याला कोपरा दिला बघ, बाये.
मधे उभा केला तर शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागतं.
मुकादम शिव्या घालतो.”
मग पुष्कळ वेळाने,
“काम मात्र चांगलं आहे. पाया सरळ धरलाय.”

बाहेर सावलीत बसून त्याने पंप ओढला.
म्हणाला, चिरा पोटात मऊ असतो,
वारा लागला की घट्ट होत जातो.
जे काय करायचं ते पहिल्या दिवसांत करायचं.
मला वाटलं दगडाबद्दलच बोलतोय.

मी आमच्या खाणीचा विचार करत होते.
तिथले चिरे कुणाकुणाच्या घरात गेले,
विहिरीत, शाळेत, थिवीच्या एका बारच्या भिंतीत.
आम्ही चिरा नेला आणि खड्डा टाकून दिला.
यांनी चिरा टाकून दिला आणि खड्डा ठेवला.
आमच्या खड्ड्यात आता हिरवं पाणी आहे
आणि पंचायतीची पाटी: येथे पोहू नये.

निघताना माजीकने एक बोंडू दिला, झाडाचा पहिला.
बापाने घेतला, ज्या हाताने घ्यायचा त्याच हाताने.
माजीकचं लक्षही नव्हतं,
तो परातभर माती कुठे गेली असेल
ते शोधत समोरच्या उताराकडे बघत होता.

रात्री पिशवी रिकामी करताना फडकं सुटलं.
त्याची छिन्नी.
दांड्यावर चार बोटांच्या खाचा, आरशात बघावं तशा.
पात्यावर लाल काही लागलंय का, मी दिव्याखाली धरून पाहिलं.
नव्हतं.
नुसती दाखवायला नेली असेल.