दोन रिकाम्या जागा

अकरा वर्षं मी लोकांना सांगत आलेय, कुठं जायचं.
माउनमध्ये, विमानतळासमोर, पत्र्याच्या कचेरीत.
भिंतीवर नकाशा, पंख्याखाली कडा फडफडणारा,
आणि माझं बोट.

सिंह हवेत? मग सावुटी.
हत्ती? चोबेचा काठ, सप्टेंबरात,
तहानेनं सगळे खाली उतरतात तेव्हा.
झेब्रे हवेत तर मिठाची मैदानं, पाऊस पडून गेल्यावर,
आणि गाडी रुतली तर माझ्या नावानं बोटं मोडू नका.
रानकुत्र्यांचं कुणीच सांगू शकत नाही.
पाणी जुलैत येतं. अंगोलात पडलेलं,
महिनोन्‌महिने रांगत, आमच्या कोरड्या थंडीत पोचतं.
एका जर्मन बाईनं विचारलं, सिंहाची लेखी हमी मिळेल का?
म्हटलं, मिळेल, पण सही त्याची आणावी लागेल.
ती हसली नाही.

यंदा एक जोडपं आलंच नाही.
भरलेले पैसेही परत मागितले नाहीत.
साहेब म्हणाले, दोन जागा रिकाम्या आहेत,
तू जाऊन ये. कुठं ते तूच ठरव.
मी नकाशासमोर उभी राहिले
गिऱ्हाइकासारखी,
आणि मला काही सुचेना.

शोरोबेच्या अंगणात आई ज्वारी पाखडत होती.
म्हणाली, हत्ती बघायला पैसे?
मागच्या महिन्यात आपणहून आले होते की.
अर्धं शेत नेलं.
पैसे नाहीत गं, फुकट आहे.
मग आता आपण त्यांच्याकडं जायचं, परतभेटीला?
सूप आपटलं. कोंडा उडाला.
बऱ्याच वेळानं, सुपाकडंच बघत:
तुझ्या त्या नकाशावर आमचं गाव आहे का?

नव्हतं. मला माहीत होतं.
ती सात वर्षांची असताना लोक तिथून उठले,
कुणी म्हणतं, उठवले.
आता ते हिरव्या रंगाखाली कुठंतरी, दोन छावण्यांच्या मध्ये.
तो पट्टा मी 'बिबट्यासाठी बरा' म्हणून विकते.

मोगोमोत्सी चालवत होता. मागं चार डच, दुर्बिणी गळ्यात.
आई पुढं. मांडीवर पिशवी,
पिशवीत उकडलेली अंडी, सगळ्यांना पुरतील इतकी.
तीन तास ती बोलली नाही.
हत्ती आले तेव्हा तोंड फिरवलं,
उधारी बुडवणारा समोर आल्यासारखं.
मग लांब फळं लोंबणाऱ्या एका झाडापाशी
तिनं मोगोमोत्सीच्या दंडावर हात ठेवला.
थांब रे. उतरते मी.

त्यानं माझ्याकडं पाहिलं.
नियम मीच पाठ करून घेते सगळ्यांकडून:
उतरायचं नाही, उभं राहायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.
आई, इथं उतरता येत नाही.
माझ्या दारात?

बिबट्या? मागून कुणीतरी कुजबुजलं.
चार कॅमेरे तिच्या बोटाच्या दिशेनं वळले.
गवत. वारूळ. वाळलेलं शेण.
ते वारूळ नव्हतं तेव्हा, आई म्हणाली.
इथं मासे वाळत घालायचो. धाकटी इथंच पुरलीय,
वारुळाच्या अलीकडं की पलीकडं, ते आठवत नाही.

तिनं एक अंडं सोललं.
खाल्लं नाही. वाकून, हात लांबवून
चाकापासून जरा दूर ठेवून दिलं.
जनावरांना खायला घालायचं नाही, हाही नियमच.
मोगोमोत्सी आरसा पुसू लागला,
आधीच लख्ख असलेला.

संध्याकाळी छावणीत फॉर्म भरला. 'काय काय दिसलं':
हत्ती बावीस. जिराफ पाच. पाणघोडे, मोजले नाहीत.
बिबट्या नाही.
वाचून दाखव, आई म्हणाली.
दाखवलं.
वारूळ लिही.